कागदी लिंबू: दाबलेलं तेल, वाफेचं तेल आणि वाळा

लिंबाच्या अत्तराच्या मिश्रणाला आता आकार येतोय, म्हणून इथवरची नोंद.

दाबून काढलेलं आणि वाफेवर काढलेलं अशी दोन्ही तेलं वास घ्यायच्या कागदी पट्ट्यांवर घेऊन शेजारी शेजारी हुंगली. जोडीला गणपती पेठेतून आणलेली ताजी लिंबं ठेवली होती, म्हणजे नाक मूळ फळाला धरून राहतं. दाबलेल्या तेलात नुकत्या खरवडलेल्या सालीचा हिरवा, कडसर वास आहे, सिट्रल (लिंबाचा धारदार वास देणारा घटक) लगेच ओळखू येतं. वाफेच्या तेलात ती धार नाही. ते गोडसर, थेट कोला पेयाकडे झुकणारं. हा फरक आंबट रसामुळे पडतो. तेल रसासकट उकळतं आणि आम्लामुळे त्यातल्या घटकांपासून अल्फा-टर्पिनिऑल, टर्पिनोलीन तयार होतात, सिट्रल घटतं.

मला मनापासून आवडतं ते दाबलेलंच. पण त्यात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ते अंगावर लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजते, काळे डाग राहतात. म्हणून उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेसाठी इफ्राने (सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) तयार अत्तरात त्याची मर्यादा ०.७ टक्के ठेवली आहे. बर्गमॉट या लिंबाच्याच कुळातल्या फळाच्या तेलाला तर ०.४ टक्केच. सांगलीचा एप्रिल बघता मी ०.५ च्या वर जात नाही. फ्युरोकुमारिन वाफेबरोबर वर येत नाहीत, त्यामुळे लिंबाचा उरलेला भार वाफेच्या तेलावर टाकलाय. त्याचा कोलापणा दबावा म्हणून कडू संत्र्याच्या पानांचं तेल, म्हणजे पेटिटग्रेन, थोडंसं घातलं. त्याने हिरवेपणा बराच परत आला.

लिंबाचा वास टिकण्याचं उत्तर मात्र वाळ्यात सापडलं, आणि याचा मला फार आनंद आहे. ग्रेपफ्रुटला त्याचा खास वास देणारं नूटकॅटोन वाळ्याच्या तेलातही अल्प प्रमाणात असतं. लिमोनीन (लिंबाच्या तेलातला पटकन उडणारा मुख्य घटक) उडून गेल्यावरही मातीच्या वासाआडून एक कडसर, सालीसारखी रेघ येत राहते. चंदनाने लिंबू मऊ पडलं होतं, वाळ्याने ते ताठ राहिलं. प्रमाण वाढलं की वाळा सगळं गिळतो, तेवढं जपायचं.

साठवण: लहान गडद बाटल्या, काठोकाठ भरून, फ्रिजमध्ये. हवा लागली की लिमोनीनचं ऑक्सिडेशन होतं आणि मग त्याची त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते.

आता फ्युरोकुमारिन काढलेलं दाबलेलं तेल मागवणार आहे. कुणी वापरलं असेल तर सालीचा कडसरपणा त्यात कितपत उरतो, ते जरूर कळवा.