तुम्ही विचारलंत म्हणून : द्वेष मनात असतो, मग कायद्यांचं एवढं काय?

दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदावर कुठेही बोललो की एक प्रश्न हमखास येतो : माणसाच्या मनातला द्वेष हाच खरा रोग असताना तुम्ही कायद्यांची कलमे कशाला सांगत बसता? प्रश्न मनापासून विचारलेला असतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

द्वेषाला सही-शिक्का मिळाला की ज्याच्या मनात कुणाविषयी वाकडे नाही असा कारकूनही तो मुकाट्याने राबवू लागतो. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाचा वंश सरकारदरबारी नोंदवणे सुरू झाले. गोरा कोण, तर दिसायला उघडपणे गोरा असलेला किंवा सर्वसाधारणपणे गोरा मानला जाणारा, एवढाच त्याचा निकष होता. शंका आली तर काही अधिकारी केसांत पेन्सिल खोचत आणि ती खाली पडते की अडकून राहते ते पाहत; पडली तर गोरा, अडकली तर नाही. एकाच घरातली माणसे वेगवेगळ्या वंशांत टाकली गेल्याची उदाहरणे आहेत, आणि राहायचे कुठे, लग्न कोणाशी करायचे, हे त्या नोंदीवरच ठरत असे.

कलमे का सांगतो, हे एका खटल्यावरून कळेल. केपटाऊनच्या रेल्वे स्थानकात गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या प्रतीक्षालयात शिरल्याबद्दल एका काळ्या माणसावर खटला भरला गेला, आणि दोन्हीकडच्या सोयी सारख्या दर्जाच्या नसल्यामुळे १९५३ मध्ये अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. सरकारने सोयी सुधारल्या नाहीत. त्याच वर्षी स्वतंत्र सुविधा कायदा करून, सोयी असमान आहेत एवढ्या कारणावरून राखीव व्यवस्था अवैध ठरणार नाही, अशी तरतूद केली. दाद मागण्याची उरलीसुरली वाटही अशी बंद झाली. नुसत्या द्वेषाला हे कधी जमले नसते.

सर्वांत जाच होता तो पासाचा, म्हणजे गोऱ्यांच्या शहरांत राहण्या-वावरण्याच्या परवान्याचा. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक काळ्या माणसाने छायाचित्र आणि मालकाची सही असलेली पासाची वही सतत जवळ बाळगायची. पोलिसाने मागितली आणि ती घरी राहिली असेल, तर थेट अटक. बायकांवरही पासाची सक्ती येऊ लागली तेव्हा, आई तुरुंगात गेली तर तान्ह्या मुलांचे काय, हा त्यांचा साधा प्रश्न होता. ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे वीस हजार स्त्रिया प्रिटोरियातल्या सरकारी कचेरीसमोर जमल्या. लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा आणि सोफिया विल्यम्स यांनी पासाविरोधातल्या सह्यांचे गठ्ठे पंतप्रधानांच्या दालनापाशी नेऊन ठेवले, आणि सगळ्या जणी अर्धा तास एक शब्दही न बोलता उभ्या राहिल्या. त्या मौनात मला लाचारी दिसत नाही. आम्ही कुणाच्या परवानगीने माणूस नाही, हे ठणकावून सांगणे दिसते.

सक्ती तरीही झाली. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिल या काळ्यांच्या वस्तीत पासाच्या वह्या घरी ठेवून पोलीस ठाण्यावर अटक करवून घ्यायला गेलेल्या जमावावर गोळीबार झाला आणि अधिकृत नोंदीनुसार ६९ माणसे मेली. अनेकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. पासाचे कायदे रद्द व्हायला १९८६ उजाडले आणि वंशनोंदणीचा कायदा १९९१ मध्ये गेला. मात्र कायद्याने शहराबाहेर वसवलेल्या काळ्यांच्या वस्त्या तिथेच राहिल्या, आणि तिथले लाखो लोक आजही कामासाठी रोज तेवढेच अंतर तुडवत आहेत.