चोविसावा आठवडा लागायच्या आत

गरोदरपणात क्रूझला जाणार म्हटल्यावर ज्याने त्याने मला एकच विचारलं, "अगं, बोट लागली तर?" माझ्या मते हा प्रश्न यादीत बराच खाली येतो. सगळ्यात वरचा प्रश्न म्हणजे, मुळात चढू देतील का?

विमानाची सवय असल्यामुळे आपण निर्धास्त असतो. विमान कंपन्या साधारण 28 आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि पोटात एकच बाळ असेल तर 36 आठवड्यांपर्यंत नेतात. क्रूझवाले त्यामानाने फार लवकर दार लावून घेतात. बहुतेक कंपन्यांची मर्यादा 24 आठवड्यांची. त्यातही गंमत अशी की तुम्ही चढता त्या दिवसाचे आठवडे कोणी मोजत नाही, सफर संपते त्या दिवसाचे मोजतात. म्हणजे 23 आठवड्यांना आठ दिवसांच्या सफरीवर निघालात, तर तुम्हाला धक्क्यावरूनच घरी पाठवतील. पैसे परत मिळण्याचं नाव काढू नका.

मी पोटापाण्यासाठी ऑडिट करते. बारीक अक्षरातलं आधी वाचायची खोड आहे, त्यामुळे त्या अटीत मला आणखी एक मेख दिसली. काही ठिकाणी "24 आठवडे पूर्ण" असं लिहितात, काही ठिकाणी "24वा आठवडा लागलेला". दोन्हींत अख्ख्या आठवड्याचा फरक. माझी तारीख 20 ऑगस्ट. तिच्यातून 16 आठवडे मागे गेलं की 24 पूर्ण होतात, म्हणजे 30 एप्रिल. पण 24वा लागतो 23 एप्रिललाच. तुमच्या फाइलवर प्रसूतीची अपेक्षित तारीख लिहिलेली असतेच, ती घ्या आणि कॅलेंडरवर 16 किंवा 17 आठवडे मागे या. महिन्यांच्या भाषेत बोलायला गेलात की घोळ झालाच म्हणून समजा. आमचा बुकिंग एजंट फोनवर सारखं म्हणत होता, "पाचव्या महिन्यात काही प्रॉब्लेम नाही मॅडम, माझ्याकडून किती जणी जाऊन आल्यात." पाचवा लागलेला की संपलेला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. हेच मेलवर द्या म्हटल्यावर साहेबांचा सूर एकदम खाली आला. शेवटी मी कंपनीलाच लिहून विचारलं आणि आलेल्या उत्तराची प्रिंट काढून ठेवली.

हीच मर्यादा का, ते माझ्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. 24 आठवड्यांच्या सुमाराला जन्मलेलं बाळ जगू शकतं, पण त्यासाठी नवजात अर्भकांचा अतिदक्षता विभाग हवा, व्हेंटिलेटर हवा, त्यातले तज्ज्ञ हवेत. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर असतात, नर्स असतात, ऑक्सिजन असतो. हार्ट अटॅकचा माणूस ते सांभाळतात. पण सहा-सातशे ग्रॅमचं बाळ कोण सांभाळणार? आणि भर समुद्रात रुग्णवाहिका काही बोलावता येत नाही.

आमचं ठरलं होतं एप्रिलच्या सुरुवातीला, मुंबईहून लक्षद्वीप आणि परत. वीस आठवडे नुकतेच पूर्ण. त्याआधी अनोमली स्कॅन, म्हणजे बाळाचे अवयव नीट आहेत का ते पाहणारी सोनोग्राफी, झालेला असणार, उलट्या संपलेल्या असणार, आणि समुद्रही शांत. जून लागला की अरबी समुद्राचं तोंड बघायचं नसतं, हे कोकणात सून म्हणून आल्यावर मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

डॉक्टरबाईंकडे गेले तेव्हा वाटलं होतं की लाटा, धक्के, उलट्या असं काहीतरी विचारतील. त्यांनी समुद्राबद्दल अवाक्षर काढलं नाही. आधी स्कॅनमध्ये वार कुठे आहे ते पाहिलं. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असती तर रक्तस्रावाची भीती, मग प्रवास रद्द. माझी वर होती. मग गर्भाशयाच्या तोंडाची लांबी पाहिली. मग फाइलवर लाल पेनाने गोल केलेल्या माझ्या रक्तगटावर बोट ठेवलं.

मी बी निगेटिव्ह, नवरा अमेय पॉझिटिव्ह. अशा जोडप्यात बाळ पॉझिटिव्ह असू शकतं, आणि बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं तर आईचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करायला लागतं. ती तयार होऊ नयेत म्हणून 28व्या आठवड्याला अँटी-डीचं इंजेक्शन देतात. पण त्याआधी कुठे पडलं-झडलं, पोटाला मार लागला, रक्त गेलं, तर ते इंजेक्शन 72 तासांच्या आत मिळायला हवं. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, पर्समध्ये टाकून नेता येत नाही.

"आता मला सांग," त्या म्हणाल्या, "या सफरीत तू मोठ्या हॉस्पिटलपासून जास्तीत जास्त किती तास लांब असणार आहेस?"

इतका नेमका प्रश्न मला ऑफिसातसुद्धा कोणी विचारत नाही. मी तिथेच बसून वेळापत्रक काढलं. मुंबई ते अगत्ती बेटापर्यंत एक अख्खा दिवस आणि वर रात्री. अगत्तीला हॉस्पिटल आहे, विमानतळ आहे, तिथून पुढे कोची. कुठूनही धरलं तरी 72 तासांत बसत होतं. मग त्यांनी पत्र लिहिलं: किती आठवडे, अपेक्षित तारीख, एकच बाळ, गुंतागुंत नाही, प्रवासास हरकत नाही. सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. हे पत्र नसेल तर धक्क्यावर तुम्ही कितीही गोड बोला, उपयोग नाही.

विम्याचं एका वाक्यात सांगते: आपल्याकडच्या बहुतेक प्रवास विम्यांत गरोदरपणाशी संबंधित काहीही धरलेलं नसतं, तेव्हा "इन्शुरन्स आहे ना" या भरवशावर राहू नका.

घरची आघाडी वेगळी. सासूबाई देवगडच्या. त्यांच्याकडे बोट म्हटलं की आधी रामदास आठवते. 17 जुलै 1947, गटारी अमावस्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सहाशेवर माणसं गेली. सासूबाईंचा जन्मही तेव्हा झाला नव्हता, पण कोकणात ती बोट अजून बुडतेच आहे. "आई, आताच्या जहाजांवर निघायच्या आधी सगळ्यांना लाइफ जॅकेटची कवायत करावी लागते," मी म्हटलं. त्यावर त्यांनी "हो का" एवढंच म्हणून भाजीला फोडणी दिली.

माझी बाजू घेतली ती आजेसासूबाईंनी. वय नव्वदीला टेकलंय, कान अर्धा, स्मरण पूर्ण. त्यांचं पहिलं बाळंतपण श्रावणातलं. तेव्हा त्या लालबागला राहायच्या, माहेर देवगडला, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच. तेव्हा कोकणात जायचं म्हणजे बोटीनेच. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणजे श्रावणात बाळंत व्हायचं असेल तर मे महिन्यातच निघायला हवं, नाहीतर चाळीत अडकलात. म्हणून सातव्या महिन्यात त्या पत्र्याची ट्रंक आणि धाकटा दीर घेऊन निघाल्या. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग अशी एकेक बंदरं घेत बोट जायची. डेकवर चादर अंथरून जागा धरायची. बहुतेक बंदरांत बोट काठाला लागत नसे, खोल पाण्यात थांबायची आणि पडाव यायचे माणसं न्यायला. लाटेवर पडाव वर आला की त्याच क्षणी पाय टाकायचा.

"माका खलाश्यान उचलून पडावात ठेवल्यान," आजी सांगत होत्या. "पोट ह्या येवढा. ट्रंक मागसून इली." आणि त्या अशा हसल्या की सासूबाईंनाही बोलायला जागा उरली नाही.

बॅलार्ड पिअरला पोचलो. फॉर्मवर गरोदर आहात का, या चौकोनात खूण केली की तुम्हाला बाजूच्या रांगेत घेतात. तिथल्या मुलीने पत्र वाचलं, आठवडे बोटांवर मोजले, मग माझ्या पोटाकडे पाहून खात्री केली. मागच्या काकूंनीही पाहिलं आणि "मुलगाच" असं निदान करून टाकलं. कायद्याने सोनोग्राफीवाल्यांचं तोंड बंद केलंय, काकूंचं कोण करणार!

कवायत खरंच झाली. इटलीजवळ 2012 साली कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट खडकावर आपटली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम बदलले आणि 2015पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी ती घ्यावी लागते. लाइफ जॅकेटचा पट्टा नेमका पोटावर येत होता. शिकवणाऱ्या गोव्याच्या मुलाने तो सैल करून पोटाच्या वर, छातीखाली नेऊन बांधला आणि म्हणाला, "दीदी, ऐसा. इसको नीचे मत आने देना." मी अमेयला दोनदा बांधायला लावलं. बाकीचे प्रवासी सेल्फी काढत होते.

राहिला बोट लागण्याचा प्रश्न. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते जहाजाचं डाव्या-उजव्या बाजूला डोलणं बरंच कमी करतात. शिवाय आम्ही खोली मुद्दाम खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मधोमध घेतली होती. झोपाळ्याच्या कडीपाशी बसलं तर झोका जाणवत नाही, तसंच ते. बाल्कनी नाही, खिडकी इवलीशी, पण झोप गाढ. डॉक्टरांनी उलटीवरची डॉक्सिलामाइनची गोळी दिली होती, ती पाकिटातच राहिली. आलेपाकाच्या वड्या मात्र सासूबाईंनी डबाभर दिल्या होत्या, त्या मी काहीही होत नसताना संपवल्या.

मला खरी काळजी होती खाण्याची. बुफे म्हणजे डोहाळे लागलेल्या बाईला उघडं कुरण. पण गार मांसाचे काप, कच्चे मासे, मऊ चीज, अर्धं शिजलेलं अंडं, कधी चिरून ठेवलीत कळत नाही अशी फळं, या सगळ्याला मी लांबून नमस्कार केला. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या गारव्यातही वाढतो आणि गरोदर बाईच्या वाटेला गेला तर थेट बाळापर्यंत पोचतो. जहाजांवर पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथी येतात, त्याला सॅनिटायझर फारसं जुमानत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. मी काउंटरवर उभी राहून गरम डोसा माझ्यासमोर तव्यावर घालायला लावायचे. रात्री वरणभात. तिसऱ्या जेवणाला तिथला शेफ मला पाहूनच वरणाचं भांडं परत उकळायला ठेवायचा. पोहण्याच्या टाकीत डुंबले, गरम पाण्याच्या टाकीत नाही, कारण अंगाचं तापमान वाढणं बाळाला बरं नव्हे.

पडायची भीती मात्र मनात पक्की होती, बी निगेटिव्हमुळे. उघड्या डेकवर जाणाऱ्या दारांना वाड्यासारखे उंच उंबरठे असतात, पाणी आत येऊ नये म्हणून. पोट वाढलं की स्वतःचे पाय दिसत नाहीत, त्यामुळे प्रत्येक उंबरठ्याला मी थांबून, कठडा धरून पाय टाकायचे. आमच्या मागे रांग लागायची. लागू दे.

अगत्तीला सकाळी पोचलो. पाणी इतकं निळं की अमेय गप्पच झाला. जहाज खोल पाण्यात थांबलं आणि बेटावरून छोट्या होड्या आल्या. जहाजाच्या पोटातलं दार उघडलं, खाली होडी हातभर वर, हातभर खाली होत होती. दोन माणसं प्रत्येकाचे दंड धरून नेमक्या क्षणी आत घ्यायची. अगदी पडावच! एका आजोबांचा पाय किंचित चुकला, दोघांनी त्यांना अलगद उचलून ठेवलं, आजोबा हसत बसले. मी ते पाहिलं, 72 तास आठवले आणि अमेयला म्हटलं, "तू जा, मी थांबते."

तो जायला तयार नव्हता. मी ढकललं. त्या दिवशी जहाज जवळजवळ रिकामं झालं. डेकवर मी, एक तान्ह्याची आई आणि पत्ते खेळणारे चार आजोबा. त्या आईने सांगितलं की बाळाला बहुतेक कंपन्या सहा महिन्यांचं झाल्याशिवाय घेत नाहीत, त्यांचं नुकतंच झालं होतं. म्हणजे हिशेब मांडा: अलीकडे 23-24 आठवडे, पलीकडे बाळाचे सहा महिने, मधला सगळा काळ समुद्र बंद. आजींच्या पावसाळ्यापेक्षा बराच लांब.

परत आल्यावर नेटवर्क मिळाल्याबरोबर देवगडला व्हिडिओ कॉल लावला. आजींना सगळं हवं होतं: जेवायला काय होतं, रात्री झोप लागली का, बाळ हाललं का. बाळ पहिल्यांदा जाणवलं ते जहाजावरच, परतीच्या रात्री, वरणभात झाल्यावर. तेही सांगितलं. मग मी होडीत उतरले नाही, बेट लांबूनच पाहिलं, हे सांगितलं.

आजी जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मगे गेलंस कित्याक?"

मागून सासूबाई जोरात हसल्या, आणि मी आलेपाक संपल्याचं त्यांना सांगून टाकलं.