खाली ओढलं की...

कितीतरी वर्षं मी स्प्रेडशीट आखीव ताव म्हणून वापरली. आकडे एकाखाली एक लिहायचे, शेजारचा कॅल्क्युलेटर उचलून बेरीज करायची, ताळा म्हणून पुन्हा एकदा करायची आणि उत्तर खालच्या चौकोनात टाइप करायचं. ऑफिसात नव्याने आलेल्या मुलीने एकदा मागे उभं राहून हे पाहिलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, तुम्ही रोज असंच करता?"

तिने मला बरोबरच्या चिन्हापासून शिकवलं. शाळेत हे चिन्ह गणित सोडवून झाल्यावर यायचं, इथे सगळ्यांत आधी. ते नसेल तर बी२ अधिक बी३ (बी कॉलममधला दुसऱ्या ओळीतला चौकोन अधिक तिसऱ्या ओळीतला) ही नुसती अक्षरं. ते टाकलं की हिशेब सुरू होतो आणि पुढे जागाच राहतो: वरचा एक आकडा बदलला की खालच्या बेरजा आपोआप हलतात. डॅन ब्रिकलिन हार्वर्डमध्ये शिकत असताना त्याचे प्राध्यापक फळ्यावर कोष्टक मांडायचे, एक आकडा चुकला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहायचे. ते बघून त्याला हे सुचलं आणि १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क हे संगणकावरच्या स्प्रेडशीटचं सॉफ्टवेअर आलं. म्हणजे माझी कटकट केव्हाच मिटली होती, फक्त मला कुणी कळवलं नव्हतं.

मग फॉर्म्युला, म्हणजे बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा हिशेब, खाली ओढायचं व्यसनच लागलं. चौकोनाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातला ठिपका धरायचा, ओढायचा, शंभर ओळी भरल्या. एकदा एफ१ मध्ये टक्केवारी लिहिली आणि सी२ मध्ये बी२ गुणिले एफ१. उत्तर बरोबर. खाली ओढलं, तर सी३ पासून शेवटपर्यंत शून्यं. मी संगणक बंद करून चालू केला. (या उपायावर माझा अजूनही विश्वास आहे.)

घोळ असा, की फॉर्म्युला एफ१ हा पत्ता धरून बसत नाही. त्याच्या लेखी ते 'माझ्यापासून उजवीकडे तीन घरं आणि वर एक'. एक ओळ खाली उतरला की तशीच घरं मोजून तो एफ२ चं दार वाजवतो आणि तिथे कुणीच राहत नाही. रिकाम्या घराने गुणलं की शून्य. पत्ता पक्का करायचा तर डॉलरचं चिन्ह. पैशाशी त्याचा काही संबंध नाही, तो खिळा आहे. एफच्या आधी ठोकला की कॉलम हलत नाही, १ च्या आधी ठोकला की ओळ. खाली ओढायला दुसरा पुरतो. सुरुवातीला मी घाबरून बी२ लाही दोन-दोन ठोकले. मग शंभर ओळींत एकच उत्तर शंभरदा.

एरर आली तर बरंच, निदान कळतं. भीती वाटते ती गुपचूप चुकणाऱ्यांची. बाहेरून आलेल्या एका फाइलमधल्या आकड्यांची 'सम' या बेरजेच्या तयार फॉर्म्युल्याने बेरीज केली, आली शून्य. आकडे समोर धडधडीत दिसत होते, पण चौकोनात डावीकडे चिकटलेले. खरे आकडे आपणहून उजवीकडे जातात, मजकूर डावीकडे. हा आकड्याच्या वेशातला मजकूर होता आणि सम त्याला चकार शब्द न काढता गाळतं. तेच चौकोन अधिकच्या चिन्हाने जोडले तर मात्र बेरीज होते! यामागचं कारण मला समजलंय, पटलेलं नाही.

तारखांची तऱ्हा आणखी वेगळी. अनुक्रमांक म्हणून १-२ लिहिलं की त्याची तारीख होते. माझं जाऊ द्या, 'मार्च१' नावाच्या जनुकाचीही व्हायची. शेवटी २०२० पर्यंत शास्त्रज्ञांनी त्याचं अधिकृत नावच बदलून 'मार्चएफ१' केलं.

परवा कॅल्क्युलेटरच्या काळातल्या एका फाइलला फॉर्म्युले लावले. एका कॉलममध्ये मी टाइप केलेली उत्तरं, शेजारी समने काढलेली. एक सोडून सगळी जुळली. फरक २७ चा. फरकाला नऊने भाग गेला की अंकांची अदलाबदल झालीय का ते आधी बघायचं, ही हिशेबनिसांची जुनी युक्ती. पाहिलं तर बेरजेच्या शेवटी ८५, मी लिहिलेले ५८. बेरीज दोनदा तपासली होती, टाइप करताना अंक उलटे पडले.

त्या मुलीला बोलावून दाखवलं. तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर, तो कॅल्क्युलेटर अजून आहे?"

ड्रॉवरमध्ये होता.