दहा वाजताचे तळे

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी पर्यावरणावर केलेल्या माहितीपटांचे रफ कट, म्हणजे संकलनाचे कच्चे मसुदे, पाहून अभिप्राय देण्याचे काम मी काही वर्षे हौसेने करतो आहे. त्यामुळे पहिल्या मिनिटात काय दिसणार, हे आता जवळजवळ पाठ झाले आहे: ड्रोनमधून टिपलेले पाणी, काठावरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, मागे रडवेले व्हायोलिन आणि ‘मानवाच्या हव्यासामुळे’ असे सुरू होणारे निवेदन. यात खोटे काहीच नसते, पण पाहणाऱ्याला आधीपासून ठाऊक नसलेलेही काही नसते.

यंदा चौघांच्या एका गटाने तळ्यातल्या माशांच्या मरतुकीवर माहितीपट केला. बारा मिनिटांपैकी सात मिनिटे निवेदनच होते आणि तळे मात्र छान चकाकत होते, कारण सगळे चित्रीकरण सकाळी दहानंतरचे. वगळलेले फूटेज चाळताना एका मासेमाराची मुलाखत सापडली. वाऱ्याच्या घरघरीमुळे ती बाजूला टाकलेली होती. तो म्हणत होता, “आत्ता काय दिसणार तुम्हाला? उजाडायच्या आत या.”

त्याचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळाले की शेवाळ माजते. दिवसा ते ऑक्सिजन सोडते. रात्री ते काम थांबते, पण शेवाळाचे, जिवाणूंचे आणि माशांचे श्वसन चालूच राहते, म्हणून पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन पहाटेच्या सुमारास सर्वांत कमी होतो. 25 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात हवेतून लिटरमागे जेमतेम 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. तो 2 मिलिग्रॅमच्या खाली उतरला की बहुतेक माशांना तग धरणे कठीण जाते. ऊन वर आल्यावर मोजणी केली, तर आकडा पुन्हा सभ्य दिसतो.

मुले पहाटे गेली, ट्रायपॉड चिखलात रोवला आणि चाळीस सेकंद कॅमेरा हलवला नाही. करड्या पाण्यावर शेकडो लहान गोल तोंडे उघडत, मिटत होती. माइकने त्यांचा चुटुकचुटुक आवाजही पकडला. त्या दृश्यानंतर सातपैकी पाच मिनिटांचे निवेदन गळाले. ‘मानवाच्या हव्यासामुळे’ हे वाक्य मात्र बरीच भांडणे होऊन सर्वांत शेवटी गेले.

मासेमाराची मुलाखत स्वच्छ आवाजात पुन्हा घ्यावी, असे मी सुचवले होते. मुलांनी ऐकले नाही. घरघरीसकट तीच ठेवली आणि खाली अक्षरे दिली. पडद्यावर पाहिल्यावर मी माझी सूचना मुकाट्याने मागे घेतली.