पहिल्या रांगेत गाणं दिसतं, ऐकू येत नाही

उभ्याने बघायच्या कॉन्सर्टचं दार उघडलं की अर्धी गर्दी बॅरिकेडकडे धावत सुटते. धावू द्या. कलाकाराच्या कपाळावरचा घाम बघायचा असेल तर त्याहून चांगली जागा नाही. गाणं ऐकायचं असेल तर मात्र ती सभागृहातली जवळपास सगळ्यात वाईट जागा आहे.

रॉकच्या कार्यक्रमात मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंचावर टांगलेले असतात आणि त्यांची तोंडं मागच्या गर्दीकडे असतात. पुढच्या दोन-तीन रांगा त्यांच्या माऱ्याबाहेर राहतात. तिथे कानावर पडतो तो गिटारच्या ॲम्पचा (तिचा आवाज वाढवणाऱ्या स्पीकर-पेटीचा) थेट आवाज, ड्रमचा थेट दणका आणि गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्या पायाशी ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरच्या पाठीकडून झिरपणारं काहीबाही. गिटारला स्वतःचा ॲम्प असतो, ड्रमला त्याची गरजच नसते, पण गायकाचा आवाज पूर्णपणे मुख्य स्पीकरवर अवलंबून असतो. म्हणून पुढे उभं राहिलं की सगळ्यात आधी शब्द हरवतात. स्टेजच्या कडेवर, प्रेक्षकांकडे तोंड करून छोटे स्पीकर ठेवलेले दिसले तर थोडी आशा बाळगावी. त्यांना फ्रंट फिल म्हणतात आणि ते याच रांगांसाठी असतात.

छोट्या क्लबमध्ये हा प्रकार आणखी वाढतो. ॲम्पच तिथे इतका मोठा वाजत असतो की साउंड इंजिनिअर मुख्य स्पीकरमधून गिटार जवळपास काढूनच टाकतो. मग ॲम्पच्या समोर उभ्या असलेल्यांना फक्त गिटार ऐकू येते आणि दुसऱ्या टोकाच्या लोकांना ती शोधावी लागते. गिटारवादक डावीकडे असेल तर आपण उजवीकडे सरकावं, हा क्लबपुरता बरा नियम.

आता बास. सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या सुरांचे मोठे स्पीकर, स्टेजच्या डाव्या-उजव्या बाजूला असे दोन ढिगांत ठेवले असतील, तर बरोबर मधल्या रेषेवर दोन्हींचा आवाज एकाच क्षणी पोहोचतो आणि बेरीज होते. बाजूला सरकलं की एक ढीग जवळ आणि एक लांब होतो. ५० हर्ट्‌झच्या लहरीची लांबी साधारण ६.९ मीटर. दोन ढिगांपासूनच्या अंतरांत ३.४ मीटरचा फरक पडला की त्या सुराचा बास एकमेकांना खाऊन टाकतो. म्हणूनच बास गिटारचे काही सूर छातीत घुसतात आणि त्याच्या शेजारचे सूर गायब होतात. दोष वादकाचा नसतो. दोन-तीन पावलं सरकून बघा, चित्र बदलतं. मागच्या भिंतीला टेकून उभं राहिलं की बास पुन्हा फुगतो, तो भिंतीमुळे.

मग उभं कुठे राहायचं? इंजिनिअरच्या मिक्सरच्या थोडं पुढे आणि मधल्या रेषेपासून चार-पाच पावलं बाजूला. सगळा आवाज त्या माणसाच्या कानांनी जुळवलेला असतो, त्यामुळे तो ऐकतो त्याच्या जवळपासचंच आपल्याला ऐकू आलं पाहिजे. मिक्सर कोपऱ्यात किंवा बाल्कनीखाली ढकललेला असेल तर हा सल्ला बाद. अशा वेळी अंदाजाने ठरवायचं: दोन स्पीकरांमध्ये जेवढं अंतर आहे, तेवढंच स्टेजपासून मागे. बाल्कनीखाली एक कसोटी कधी चुकत नाही. टांगलेला स्पीकर डोळ्यांना दिसत नसेल तर त्याचा वरच्या पट्टीचा आवाजही कानापर्यंत येत नाही. झांजा बोथट होतात आणि ‘स’, ‘त’, ‘क’ ही व्यंजनं गळून पडतात.

जागा पक्की करायची घाई मात्र करू नये. सुरुवातीच्या बँडला बहुधा नीट साउंडचेक (कार्यक्रमाआधी आवाज जुळवून बघणं) मिळत नाही, फक्त प्रत्येक माइक चालू आहे एवढं तपासलं जातं. त्यावरून सभागृहाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय दुपारी रिकाम्या सभागृहात जुळवलेला आवाज माणसं भरल्यावर बदलतो, कारण कपडे आणि शरीरं वरच्या पट्ट्या शोषून घेतात. मुख्य बँडच्या पहिल्या दोन-तीन गाण्यांत इंजिनिअर हेच सावरत असतो. तिसऱ्या गाण्यानंतरही शब्द कळत नसतील तर हला, त्याआधी नाही.

मोकळ्या मैदानावर खेळ वेगळा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटर मागे उभ्या असलेल्या माणसाला तो जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा मिळतो. ड्रमरची काठी पडलेली आधी दिसते, ठोका नंतर येतो. मोठ्या मैदानात मध्ये मनोरे उभारून त्यांवर आणखी स्पीकर लावतात आणि त्यांना तेवढाच उशीर करून आवाज सोडतात, म्हणजे स्टेजकडून येणारा आवाज आणि मनोऱ्याचा आवाज एकत्र पोहोचतात. मनोऱ्याच्या अगदी पायाशी उभं राहू नये, तिथे फक्त मनोराच ऐकू येतो. त्याच्या पुढ्यात, म्हणजे स्टेजच्या बाजूला, राहिलं तर आणखी वाईट, कारण मागून प्रतिध्वनी येत राहतो. मनोऱ्याच्या पलीकडे पंधरा-वीस मीटरवर जागा धरावी. वारा सुटला की वरच्या पट्ट्या झोका घेतल्यासारख्या येतात-जातात, त्यावर कुणाकडेच इलाज नाही. आणि संध्याकाळी मैदान ‘उघडतं’ असं जुने श्रोते म्हणतात, त्यात तथ्य आहे: दिवसा जमिनीजवळची हवा तापलेली असल्याने आवाज वर वळतो, रात्री जमीन थंड पडली की तो खाली वाकतो आणि लांबवर ऐकू येतो. दुपारी चारला किरटी वाटलेली जागा रात्री दहाला भरदार वाटू शकते.

ही सगळी यंत्रणा किती अलीकडची आहे हे विसरायला होतं. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स वाजवत होते तेव्हा समोर ५५ हजारांवर लोक होते, हाताशी शंभर वॉटचे ॲम्प होते, आणि स्वतःचा आवाज ऐकायला मॉनिटर नव्हते. १९७४ मध्ये ग्रेटफुल डेड या अमेरिकी रॉक बँडने दुसरं टोक गाठलं. सुमारे सहाशे स्पीकरांची एक भिंतच बँडच्या मागे उभी केली, प्रत्येक वाद्याला त्या भिंतीत स्वतंत्र जागा दिली आणि मॉनिटर काढून टाकले. वादक आणि श्रोते एकच आवाज ऐकायचे. स्पीकर पाठीमागे असताना माइक शिट्टी मारणारच. त्यावरचा उपाय हुशारीचा होता. प्रत्येक गायकापुढे दोन माइक एकाखाली एक, उलट जोडलेले. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखाच शिरायचा आणि कटून जायचा, गायक फक्त वरच्या माइकमध्ये गायचा म्हणून त्याचा आवाज उरायचा. ओठ वरच्या माइकपासून जरा दूर गेले की मात्र गाणंही कटायचं, आणि एरवीही गळा थोडा पातळच लागायचा. ती भिंत वाहून नेणं, उभारणं आणि तिचा खर्च इतका जड झाला की त्याच वर्षाअखेर ती मोडीत निघाली. मला ती कल्पना आजही पटते. डावे-उजवे दोन ढीग हा तडजोडीचा मार्ग आहे.

फोकच्या, म्हणजे लोकसंगीताच्या धाटणीच्या, कार्यक्रमाला वरचं बहुतेक सगळं उलटं करायचं. इथे पुढे बसा, तिसऱ्या ते पाचव्या रांगेत. अकूस्टिक, म्हणजे विजेविना वाजणाऱ्या, गिटारचा लाकडी आवाज तेवढ्याच अंतरापर्यंत थेट पोहोचतो. त्यापुढे जे ऐकू येतं ते पिकअपचं, म्हणजे कंपनं विजेत बदलणाऱ्या, गिटारमध्येच बसवलेल्या तुकड्याचं. घोडीखाली बसवलेला पिएझो पिकअप सोयीचा असतो, पण जोरात छेडलं की प्लास्टिकसारखा टणटणतो. समंजस इंजिनिअर गिटारसमोर एक माइकही ठेवतो आणि दोन्ही मिसळतो.

मग गाण्याच्या मध्येच खालच्या पट्टीत ‘हूंऽऽ’ असा घुमारा का उठतो? गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्‌झच्या आसपास घुमते. खालच्या तारांवरचे जी आणि ए हे सूर तिथेच पडतात. स्पीकरमधून तोच सूर परत गिटारच्या पोटात शिरला की चक्र सुरू होतं. उपाय तीन: गिटारच्या भोकात रबरी झाकण, त्या एका पट्टीवर अरुंद फिल्टर, किंवा प्रीॲम्पवरचं (क्षीण आवाज आधी वाढवून घेणाऱ्या भागावरचं) फेज, म्हणजे लहरीचे चढ-उतार, उलटवायचं बटण. एकूण आवाज कमी करणं हा चौथा उपाय, आणि तो सगळ्यात कमी वापरला जातो.

ब्लूग्रासवाले, म्हणजे बँजो-फिडलचं अमेरिकी लोकसंगीत वाजवणारे, कधीकधी एकाच मोठ्या, फार संवेदनशील कंडेन्सर माइकभोवती चौघं-पाचजण उभे राहतात. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, वाजवून झालं की मागे होतो. आवाज कमी-जास्त करायचं काम पायांनी होतं. अशा वेळी मॉनिटर जवळपास नसतातच, कारण तो माइक लगेच ओरडेल. ही पद्धत बघायला मिळाली तर बरोबर मध्ये बसा.

आणि टाळ्यांचा ठेका धरू नका. हे खेकसणं वाटेल, पण त्यामागे गणित आहे. ३० मीटर लांबीच्या सभागृहात शेवटच्या रांगेला सूर पोहोचून तिची टाळी स्टेजवर परतायला साधारण ०.१७ सेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमध्ये अर्धाच सेकंद असतो. म्हणजे मागच्यांची टाळी एक-तृतीयांश ठोका उशिरा. ड्रम असतील तर ते खपतं. एकट्या फिडलवाल्याला (व्हायोलिनवाल्याला) मात्र लय सोडावी तरी लागते किंवा कान बंद करावे लागतात.

दर दोन गाण्यांनी कलाकार तारा पिळत बसतो त्यालाही कारण आहे. दिव्यांच्या उष्णतेने पोलादी तारा सैलावतात आणि सूर उतरतो; कॅपो (गिटारच्या मानेवर तारा दाबणारी चाप) लावला की उलट चढतो. त्यात वेगवेगळ्या गाण्यांना वेगळं ट्यूनिंग असेल तर अर्धा-अर्धा मिनिट जाणारच. गाण्यांमागचे किस्से सांगायची पद्धत या वेळेत चांगली बसते. तेवढ्यात मागून फर्माइशी ओरडणाऱ्याला ट्यूनर (सूर दाखवणारं यंत्र) दिसत नसतो.

जागेने मत कसं बदलतं याचा सगळ्यात गाजलेला दाखला अमेरिकेतल्या न्यूपोर्टचा. २५ जुलै १९६५ ला अकूस्टिक गिटारवर गाजलेला फोक गायक बॉब डिलन तिथल्या फोक महोत्सवात इलेक्ट्रिक बँड घेऊन उतरला, तीन गाणी झाली, हुर्यो उडाली, मग तो अकूस्टिक गिटार घेऊन परत आला. हुर्यो विजेच्या गिटारविरुद्ध होती, गायकाचा आवाज गाडला गेला म्हणून होती, की कार्यक्रम इतक्यात आटोपला म्हणून, यावर तिथे हजर असलेल्यांचंही एकमत नाही. मैदानात कोण कुठे होतं ते विचारल्याशिवाय हा वाद सुटणार नाही असं मला वाटतं.

कानांबद्दल थोडक्यात, पण टाळू नका. ८५ डेसिबलला आठ तास हे मान्य प्रमाण धरलं तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ९१ ला दोन तास, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. रॉकचा कार्यक्रम दोन तास आणि शंभरच्या आसपास चालतो. फोमचे स्वस्त प्लग वाचवतात, पण वरच्या पट्ट्या जास्त कापतात आणि गाणं गोधडीखाली गेल्यासारखं होतं. फिल्टर असलेले, सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्या १५ ते २० डेसिबलने उतरवणारे प्लग घ्यावेत. फोमचेच वापरायचे तर बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने दाबून धरायचे. अर्धवट बसलेला प्लग बाहेरून ठीक दिसतो आणि काहीच अडवत नाही. पहिल्या गाण्याआधी घालायचे. कान वाजायला लागल्यावर घालणं म्हणजे उशीर झाला.

गर्दीत चौरस मीटरला चार माणसांपर्यंत आपण आपल्या पायांनी हलतो. सहा-सातवर गेलं की गर्दी आपल्याला हलवते. हात छातीसमोर दुमडलेले ठेवा, एक पाय पुढे, आणि बाहेर पडायचं तर लाट थांबलेल्या क्षणी तिरकं सरका. पडलेला फोन उचलायला वाकू नका. ३ डिसेंबर १९७९ ला अमेरिकेतल्या सिनसिनाटीत द हू या ब्रिटिश रॉक बँडच्या कार्यक्रमाआधी दारांशी झालेल्या चेंगराचेंगरीत ११ जण मरण पावले, ते आत शिरण्याच्या आधीच.

शेवटी रेकॉर्डिंग, अर्थात कलाकाराची परवानगी असेल तरच. ग्रेटफुल डेडने १९८४ पासून टेप करणाऱ्यांसाठी मिक्सरच्या मागे वेगळी जागाच ठेवली होती. फोनवरचं रेकॉर्डिंग फुगतं-आकसतं, कारण फोन आवाजाची पातळी स्वतःच ठरवतो. साधा रेकॉर्डर घ्या, त्याच्या सेटिंगमध्ये २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झ ठेवा. स्टिरिओला तासाला साधारण १ जीबी लागतो. काही रेकॉर्डर २ किंवा ४ जीबीला फाइल तोडतात, तो सांधा गाण्याच्या मध्ये पडतो का हे घरी तपासून घ्यावं. सुरुवातीच्या बँडला आवाजाचं शिखर (सगळ्यात मोठा क्षण) रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलवर ठेवलं की मुख्य बँड वाढला तरी जागा उरते. माइकच्या प्रीॲम्पमध्येच आवाज फाटला तर २४ बिट काही वाचवत नाहीत, म्हणून संवेदनशीलतेचं बटण ‘लो’वर. दोन माइक १७ सेंटिमीटर अंतरावर, ११० अंशांत उघडे, हे जवळून उत्तम. लांब असाल तर कोन अरुंद करा, नाहीतर स्टेजपेक्षा भिंतीच जास्त येतात. स्टँड डोक्यांच्या वर, अडीच मीटरवर, कारण शेजाऱ्याची टाळी ही त्या रेकॉर्डिंगमधली सगळ्यात मोठी गोष्ट ठरते.

आणि सुरू करतानाच तारीख, ठिकाण, माइक हे माइकमध्येच बोलून ठेवा. डिलनचा १७ मे १९६६ चा मँचेस्टरचा कार्यक्रम, ज्यात प्रेक्षकांतून कुणीतरी ‘जुडास’ (म्हणजे विश्वासघातकी) असं ओरडलं, तो वर्षानुवर्षं चोरट्या प्रतींवर लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचा म्हणून फिरला. १९९८ मध्ये अधिकृत प्रत निघाली तेव्हाही ते चुकीचं नाव अवतरणचिन्हांत छापावं लागलं, कारण लोक तो त्याच नावाने ओळखत होते.