अरण्याचा पडदा एकदाचा सरळ चढला

मंडळी, पडदा चढला. तिरका नाही, डाव्या दोरीला ढील नाही, कडेला शंकू नाही. माझ्या जुन्या रंगमंचाच्या मॉडेलमधला अरण्याचा पडदा वर ओढला की वाकडा व्हायचा, ते रडगाणं मागे लिहिलं होतं. ‘नायलॉनचा दोरा लाव आणि मोकळा हो’ असा सल्ला ज्यांनी दिला होता, त्यांनी पुढचं जरा सावकाश वाचावं.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: बळवंत संगीत मंडळी या जुन्या नाटक कंपनीच्या गावोगाव फिरणाऱ्या रंगमंचाचं मॉडेल करतोय, एका फुटाला अर्धा इंच या मापाने, दर्शनी रुंदी चौदा इंच. किर्लोस्कर किंवा गंधर्व का नाही, हा प्रश्न दर वेळी येतोच. किर्लोस्करांची 1880 ची मंडळी आणि बालगंधर्व, बोडस, टेंबे यांची 1913 ची गंधर्व मंडळी यांच्यावर काम करणारे बरेच आहेत. मास्टर दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे किर्लोस्करमधून बाहेर पडले आणि 1918 साली त्यांनी बळवंत काढली. गावोगाव मुक्काम करत ती अखेर सांगलीत आली, बोलपटाच्या नादी लागली आणि इथेच बुडाली. आता सांगलीत बसून मी दुसऱ्या कुणाची मंडळी करू?

किरकोळ कामं बरीच उरकली. झालर शिवून झाली, विंगा उभ्या आहेत. पुढच्या दिव्यांच्या ओळीत पिवळे एलईडी बसवलेत, त्यावर चहाच्या रंगात बुडवलेला बटर पेपर टाकल्यावर गॅसबत्तीच्या जवळ जाणारा उजेड पडतो. कप्प्यांसाठी काळ्या पोतीचे मणी वापरले, हे माझं या महिन्यातलं सर्वांत स्वस्त यश. ऑनलाइन मागवलेल्या पितळी कप्प्या दिसायला झकास, पण त्यात दोरा अडकतो.

तर अरण्याचा पडदा. रचना तुम्हाला माहीत आहे: वरची कड आडव्या पट्टीला ठोकलेली, खालच्या कडेला रूळ, दोऱ्या पट्टीवरून मागच्या बाजूने खाली येतात, रुळाखालून वळून पुढून वर जातात आणि कप्पीवरून विंगेत. ओढलं की रूळ स्वतःभोवती कापड गुंडाळत वर चढतो. दुसरा, रस्त्याचं चित्र असलेला पडदा याच पद्धतीने पहिल्या दिवसापासून गुमान चढत होता. अरण्याचा मात्र अर्ध्यावर आला की डावीकडून उचलायचा, डावी दोरी सैल पडायची, आणि शेवटच्या वेढ्यांना कापड सरकून रुळाच्या टोकातून बाहेर यायचं.

आधी संशय रुळावर. बांबूची काडी काढून अॅल्युमिनियमची नळी घातली. (ही नळी ज्या दुकानदाराने ‘एकदम सरळ’ म्हणून पाठवली त्याचं नाव घेत नाही, पण टेबलावर ठेवली की ती डोलायची. दुसरी मारुती रोडवर हातात घेऊन, डोळ्यासमोर धरून निवडली. नळी, पट्टी, काडी या वस्तू ऑनलाइन मागवूच नका.) फरक शून्य. मग दोऱ्यांना मेण लावलं, कप्प्यांची अंतरं पुन्हा मोजली, मलमलीचा ताणा-बाणा काटकोनात आहे का ते धागा ओढून पाहिलं. सगळं जागच्या जागी.

शेवटी पडदा सोडवला आणि उलटा, म्हणजे पाठ प्रेक्षकांकडे करून लावला. आणि आता तो उजवीकडून उचलायला लागला! म्हणजे दोष दोऱ्यांत नाही, रुळात नाही, कापडातच आहे. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) घेऊन बसलो. उजवीकडे नुसतं आकाश आणि लांबचे डोंगर, तिथे जाडी 0.2 मिलिमीटर. डावीकडे माझा लाडका वड, पारंब्यांसकट, अॅक्रिलिकचे थर चढवत रंगवलेला, तिथे 0.35. दिसायला काहीच नाही. पण रुळावर प्रत्येक वेढ्यागणिक डावीकडचा व्यास उजवीपेक्षा 0.3 मिलिमीटरने वाढत जातो, म्हणजे परीघ जवळपास एक मिलिमीटरने. पहिल्या वेढ्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, आणि हे सगळं साठत जातं. सहा-सात वेढ्यांत डावी बाजू इंचभर पुढे. वडच पडदा वाकडा करत होता.

यावर रुळाच्या उजव्या टोकाला कागदाची पट्टी गुंडाळून तोल साधता येतो. करून पाहिलं, चालतंही. पण मग प्रत्येक पडद्याला वेगळी पट्टी, आणि चित्रात थोडं काही बदललं की हिशोब पुन्हा. त्यापेक्षा जुन्या रंगाऱ्यांच्या वाटेने जायचं ठरवलं: सरसात (जनावरांपासून काढलेल्या खळीत) कालवलेले पूड रंग, पातळ, एका हाताचे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी नाटकमंडळ्यांचे पडदेच रंगवत होते. रोज गुंडाळायचा आणि उलगडायचा, मुक्काम हलला की रेल्वेत चढवायचा, अशा कापडावर जाड थर टिकणारच नाही, चिरा पडून गळून जाईल. माझ्या मते पडद्यावरच्या त्या सपाट, धुरकट देखाव्यांचं निम्मं कारण हेच आहे. लोक उगाच त्याला हौशी चित्रकला म्हणून नाकं मुरडतात.

सरस मिरजेला सतारमेकर गल्लीत मिळाला. तिथे तो तंबोऱ्यांच्या जोडकामासाठी लागतो, त्यामुळे माल ताजा आणि सल्ला फुकट. रात्रभर भिजवायचा, मग भांड्यात भांडं ठेवून मंद आचेवर विरघळवायचा, उकळी अजिबात नाही. वास घरच्यांना सहन होत नाही, गच्चीवर करा. चिमूटभर तुरटी घातली की पावसाळी हवेत पडदा चिकचिक करत नाही. मलमल चौकटीवर ताणून आधी नुसत्या पातळ सरसाचा हात, वाळला की पेवडी, गेरू, नीळ, काजळी. सरस कमी पडला तर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर कापड पापडासारखं कडक होतं. आणि ओला रंग वाळल्यावर बराच फिका पडतो, तेव्हा आधी चिंधीवर वाळवून बघा. नव्या वडाच्या पारंब्या नुसत्या काजळीच्या रेघा आहेत; दिव्यांच्या ओळीमागून पाहिलं तर जुन्या वडापेक्षा खऱ्या वाटतात. जाडी सगळीकडे 0.22 च्या आसपास. रूळ पट्टीला टेकला तेव्हा दोन्ही टोकांत नखभरही फरक नव्हता. त्यानंतर कारण नसताना किती वेळा वर-खाली केला, ते विचारू नका.

आता पुढचं. ठरल्याप्रमाणे ‘सौभद्र’ उभं करायचं होतं: घटोत्कच सुभद्रेला उचलून आणतो तो रानातला प्रवेश, आणि मॉडेल तिथेच थांबवायचं. पण हे लिहिताना वाटतंय की एकच प्रवेश गोठवण्यात काय मजा? पारशी कंपन्यांकडून ही पडद्यांची तऱ्हा मराठीत आली आणि नाटककारांनी नाटकंही तिच्या सोयीने बांधली: पुढे रस्त्याचा पडदा सोडायचा, त्याच्यापुढे दोन पात्रांचं बोलणं किंवा एखादं पद, तोवर मागे मुकाट्याने दरबार मांडायचा. हे हलताना दाखवलं पाहिजे. म्हणजे रस्ता पुढे, अरण्य मागे, त्यामागे राजवाडा, तिन्ही रूळ चालते. राजवाड्यासाठी कापलेले पुठ्ठ्याचे फ्लॅट (देखाव्याचे उभे तुकडे) त्यामुळे बाद. दुःख आहे, खांबांवरची नक्षी छान जमली होती.

आणि एकदा पडदे पट्टीसकट निघायला लागले की अख्खा रंगमंच एका पेटीत का बसू नये? मंडळीच फिरती, मग मॉडेल कपाटात कशाला? विंगा बिजागरीवर घेतो, तळफळी दोन तुकड्यांत कापतो. 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिनी इथल्या भावे नाट्यमंदिराच्या आसपास सगळे जमतातच, तिथे पेटी उघडून लावून दाखवायचा विचार आहे. त्याआधी मिरजेलाही एकदा न्यायची आहे. बालगंधर्व 1905 साली किर्लोस्करांच्या रंगमंचावर शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेत, तेवढा मान द्यायला हवा.

अडलंय एका ठिकाणी. तीन पडद्यांच्या सहा दोऱ्या एकाच विंगेत उतरतात आणि एकमेकींत गुंततात. कुणाकडे जुन्या नाट्यगृहाच्या विंगेच्या आतल्या बाजूचा फोटो असेल, ज्यात दोऱ्या कशाला आणि कोणत्या क्रमाने बांधल्यात ते दिसतंय, तर कळवा. प्रेक्षकांच्या बाजूने काढलेले फोटो नकोत, ते माझ्याकडे ढीगभर आहेत.