तुम्ही विचारलंत म्हणून : मस्कतमधला रमजान

इंदूरला परतल्यापासून हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, रामबागेतल्या जुन्या शेजाऱ्यांकडे एकच प्रश्न मला वारंवार विचारला जातो : "मस्कतला रमजानात तुम्हालाही उपाशी राहावे लागायचे का हो?" उत्तर सरळ आहे, नाही. रोजा मुसलमानांनी धरायचा. इतरांवर बंधन एवढेच, की दिवसा सार्वजनिक ठिकाणी खायचे-प्यायचे नाही, आणि ते मात्र कायद्याचे आहे. घराचे दार लावले की आमची पोळी-भाजी नेहमीसारखी होत असे.

तरीही त्या महिन्यात आपण बाहेरचे राहतो असे नाही. विचारणाऱ्यांच्या मनात उपास म्हणजे आपली एकादशी असते; साबुदाण्याची खिचडी चालते आणि पाण्याला तर कोणाचीच हरकत नसते. रोजा पहाटेच्या फज्रपासून सूर्यास्ताच्या मगरिबपर्यंत निर्जळी असतो. २०१८ साली तो मे महिन्याच्या मध्यावर सुरू झाला, तेव्हा हा काळ रोज १४ तासांहून अधिक होता आणि बाहेर मस्कतचा उन्हाळा होता. आजारी, गरोदर आणि प्रवासात असलेल्यांना सवलत असते, पण मी पाहिलेली बहुतेक माणसे त्या उन्हात रोजा धरून कामावर जात. त्यांच्यासमोर पाण्याची बाटली काढू नये, हे मला कायद्याने शिकवावे लागले नाही.

तो रमजान ज्या अमावास्येनंतर सुरू झाला, त्याच अमावास्येनंतर आपला अधिक ज्येष्ठही लागला होता. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असते. ती तूट आपण अधिक महिना धरून भरून काढतो, म्हणून आपली दिवाळी शरद ऋतू सोडत नाही. मुसलमानांच्या हिजरी गणनेत असा महिना नाही, त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकत सगळे ऋतू फिरून येतो. २०३० साली तर तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस सुरू होईल. २०१८ साली मात्र रमजान आणि अधिक ज्येष्ठ हे दोन्ही महिने जवळजवळ हातात हात घालून चालले.

मगरिबच्या थोडे आधी शेजारच्या ओमानी बाईंची मुलगी झाकलेले ताट घेऊन येई : खजूर, ताकासारखे लबान, गरम समोसे. आम्ही मांसाहार करत नाही हे कळल्यावर गहू-मांसाच्या हरीसचा वाडगा यायचा थांबला आणि समोशांत खिमा जाऊन बटाटा-मटार आले. ज्या बाईने दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही, तिने चव न पाहता आमच्यासाठी वेगळे सारण करावे, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. रिकामे ताट परत द्यायचे नाही ही आपली रीत. मी त्यात अधिकाचे अनारसे ठेवले. खसखस नेण्यास अनेक आखाती देशांत बंदी असल्यामुळे ते तिळावर थापले होते. दुसऱ्याच दिवशी त्या बाई कृती विचारायला आल्या.

म्हणून ज्यांची मुले आता नोकरीसाठी तिकडे निघाली आहेत, त्यांना मी एवढेच सांगते : दिवसा गाडीतही काही खाऊ-पिऊ नये, मुसलमान सहकाऱ्यांची कामाची वेळ या महिन्यात कमी असते हे लक्षात घेऊन महत्त्वाची कामे सकाळी उरकावीत, आणि कोणी इफ्तारला बोलावले तर संकोच न करता, मगरिबच्या आधी पोहोचावे.